रेड सॉक्सचा चाहता होताना: बोस्टनमध्ये नव्याने आलेल्या मराठी माणसासाठी बेसबॉलची वाटचाल

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी बोस्टन परिसरात आलेल्या मराठी माणसाला मार्चअखेरीपासून सप्टेंबर संपेपर्यंत बेसबॉलपासून फारसे दूर राहता येत नाही. कार्यालयात त्याचीच चर्चा असते, संध्याकाळी मेट्रोत निळ्या टोप्या घातलेल्या माणसांची गर्दी असते, आणि कोणीतरी आग्रहाने सामन्यालाही घेऊन जाते. त्या पहिल्या सामन्यात बहुतेक वेळा काहीच कळत नाही. दोन तास चेंडू फेकला जातो, तो क्वचितच बॅटला लागतो, तरी आजूबाजूचे लोक मधूनच उभे राहून ओरडतात आणि आपण शेंगा सोलत बसतो. परत आल्यावर ‘यापेक्षा क्रिकेट बरे’ असे म्हणून पुष्कळजण हा विषय कायमचा संपवतात.

या वाटेने मी स्वतः गेलो आहे आणि अनुभवाने माझे असे मत झाले आहे की बेसबॉलची गोडी एका सामन्यात लागत नाही, ती रोजच्या सहवासाने लागते. एका हंगामात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, म्हणजे सुमारे सहा महिने जवळजवळ रोज एक सामना. त्यामुळे चाहता होण्याची रीतही रोजची लावून घ्यावी लागते. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

१. आधी संघ ठरवा, नियम नंतर शिका

नियम पाठ करून मग संघ निवडायचा, असा शिस्तशीर क्रम अनेकांना सुचतो, परंतु तो टिकत नाही. हार-जितीशी आपले काही नाते असल्याशिवाय नियम लक्षात राहत नाहीत. मेजर लीग, म्हणजे बेसबॉलची सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धा, हिच्यात ३० संघ आहेत. त्यांपैकी १५ अमेरिकन लीगमध्ये आणि १५ नॅशनल लीगमध्ये असून प्रत्येक लीगचे पाच-पाच संघांचे तीन विभाग आहेत. बोस्टनमध्ये राहणाऱ्याने फार विचार न करता रेड सॉक्स हा संघ घ्यावा. जो संघ शेजाऱ्यांचा, दुकानदाराचा आणि सहकाऱ्यांचा आहे, त्याच्याविषयी रोज कोणाशी तरी बोलता येते, आणि या छंदातला निम्मा आनंद त्या बोलण्यातच आहे.

या संघाचा थोडा इतिहास ठाऊक असला तर वयस्कर चाहत्यांचा स्वभाव समजतो. रेड सॉक्सने १९१८ मध्ये वर्ल्ड सिरीज, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका, जिंकली. त्यानंतर थोड्याच काळात त्यांनी बेब रूथ हा खेळाडू न्यूयॉर्क यांकीज संघाला विकला आणि मग पुढची ८६ वर्षे त्यांना विजेतेपद मिळाले नाही. २००४ मध्ये लीगच्या अंतिम मालिकेत ते त्याच यांकीजविरुद्ध ०-३ असे मागे पडले होते. चौथ्या सामन्याच्या नवव्या डावात ते एका धावेने पिछाडीवर असताना डेव्ह रॉबर्ट्सने दुसरा बेस चोरला, म्हणजे फटक्याची वाट न पाहता धावमार्गावरच्या पुढच्या टप्प्यावर धावत पोचला, बरोबरी झाली आणि बाराव्या डावात डेव्हिड ऑर्टिझच्या होम रनने, म्हणजे मैदानाबाहेर मारलेल्या फटक्याने, सामना जिंकला. ती मालिका ४-३ अशी जिंकून त्यांनी पुढे सेंट लुई कार्डिनल्सला सरळ चार सामन्यांत हरवले. विजयानंतर अनेकांनी वर्तमानपत्रे आणि संघाचे झेंडे घेऊन आपल्या आई-वडिलांच्या, आजी-आजोबांच्या थडग्यांवर नेऊन ठेवले. २००७, २०१३ आणि २०१८ मध्येही विजेतेपद मिळाले, पण जुन्या माणसाशी बोलताना २००४ चा विषय काढून पाहावा. तो त्या रात्री कुठे होता, हे तो न विचारता सांगेल.

२. क्रिकेटच्या कोणत्या सवयी सोडाव्यात

क्रिकेट पाहिलेल्या माणसाला बेसबॉल लवकर समजेल असे वाटते. ते अर्धेच खरे आहे. तीन स्ट्राइक (हुकलेला किंवा टप्प्यात असूनही सोडलेला चेंडू) झाले की बॅटर बाद, चार बॉल (टप्प्याबाहेरचा, बॅटरने सोडलेला चेंडू) झाले की तो आपोआप पहिल्या बेसवर, तीन गडी बाद झाले की अर्धा डाव संपला आणि असे नऊ डाव, एवढा सांगाडा तासाभरात लक्षात येतो. अडचण अपेक्षांची असते. क्रिकेटमध्ये उत्तम फलंदाजाकडून आपण मोठ्या खेळीची आशा धरतो. इथे मात्र दहांपैकी तीन वेळा फटका मारून बेसवर पोचणारा बॅटर उत्तम समजला जातो, म्हणजे सात वेळा तो निराशच करतो. संघांचेही तसेच असते. २०१८ मध्ये रेड सॉक्सने १०८ सामने जिंकून स्वतःचा विक्रम केला, तरी त्या वर्षीही ते ५४ वेळा हरले. उलट २०२४ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सने १२१ सामने गमावण्याचा आधुनिक काळातला उच्चांक गाठला, तरी ४१ दिवस त्यांच्याही चाहत्यांनी आनंद साजरा केला. एका पराभवाने खचणाऱ्या माणसाला हा छंद मानवत नाही. उद्या संध्याकाळी पुन्हा सामना आहे, हेच इथले औषध आहे.

दोन बारीक नियम नवख्यांना हमखास गोंधळात टाकतात. फाऊल, म्हणजे खेळाच्या रेषांबाहेर, गेलेला चेंडू पहिल्या दोन वेळा स्ट्राइक धरला जातो, पण दोन स्ट्राइक झाल्यावर साध्या फाऊलवर बॅटर बाद होत नाही, त्यामुळे काही बॅटर चेंडूमागून चेंडू फाऊल करत पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, दमवतात. तसेच एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. व्यवस्थापक पिचर बदलण्याआधी एवढा विचार का करतो, ते यावरून समजेल.

३. रोजची दहा मिनिटे

सकाळी चहाबरोबर तीन गोष्टी पाहण्याची सवय लावावी: कालचा निकाल, विभागाचा गुणतक्ता आणि आज पिचिंग कोण सुरू करणार आहे. रेड सॉक्स अमेरिकन लीगच्या पूर्व विभागात आहेत. त्यांच्याबरोबर यांकीज, टोरांटो, बाल्टिमोर आणि टँपा बे हे संघ आहेत. गुणतक्त्यात विजय आणि पराभवांपुढे ‘इतके सामने मागे’ असा एक रकाना असतो, त्यात कधी साडेतीन, कधी सहा असे आकडे दिसतात. अग्रस्थानी असलेल्या संघाचे विजय आपल्यापेक्षा किती जास्त आणि पराभव किती कमी, या दोन्हींची बेरीज करून तिचे अर्धे केले की तो आकडा मिळतो. एप्रिलमध्ये त्याला फारसा अर्थ नसतो, सप्टेंबरमध्ये मात्र त्यावर झोप अवलंबून असते.

आकडेवारीचा समुद्र मोठा आहे आणि नवख्याने सुरुवातीलाच त्यात उडी घेऊ नये. बॅटरसाठी फटक्यांची सरासरी (फटके भागिले प्रयत्न) आणि बेसवर पोचण्याचे प्रमाण, पिचरसाठी नऊ डावांमागे त्याने दिलेल्या धावा, एवढे पहिल्या वर्षाला पुरे. पिचरचा हा आकडा तीनच्या आसपास असेल तर तो उत्तम, पाचच्या वर गेला तर चिंता. या कोरड्या आकड्यांत चाहत्यांचा जीव कसा गुंतलेला असतो, ते टेड विल्यम्सच्या गोष्टीवरून कळते. १९४१ च्या हंगामाच्या शेवटच्या दिवशी रेड सॉक्सच्या या खेळाडूची सरासरी .३९९५५ होती. ती .४०० अशी धरली गेली असती आणि व्यवस्थापकाने त्याला हवे तर विश्रांती घे असे सुचवलेही होते. त्या दिवशी फिलाडेल्फियात दोन सामने होते. विल्यम्स दोन्ही खेळला, आठ प्रयत्नांत सहा फटके मारले आणि सरासरी .४०६ वर नेली. त्यानंतर अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये कोणालाही पूर्ण हंगामात .४०० गाठता आलेले नाही.

४. पाहणे आणि ऐकणे

इथे पहिला मोठा सापळा आहे. मेजर लीगची ऑनलाइन वर्गणी भरली की सर्व सामने दिसतील, अशी नव्या माणसाची समजूत होते. परंतु ज्या प्रदेशात तुम्ही राहता तिथल्या संघाचे सामने त्या सर्वसाधारण वर्गणीत थेट दाखवले जात नाहीत. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे बोस्टनभोवतीच्या राज्यांत, रेड सॉक्सचे बहुतेक सामने ‘नेसन’ या स्थानिक वाहिनीवर असतात आणि त्यासाठी वेगळी सोय करावी लागते. काही सामने राष्ट्रीय वाहिन्यांकडे जातात. वर्गणी भरण्यापूर्वी आपला पिनकोड टाकून कोणते संघ वगळले आहेत ते तपासावे.

माझा सल्ला विचाराल तर पहिला महिना रेडिओवरच काढावा. बेसबॉल हा संथ आणि तुटक खेळ असल्यामुळे रेडिओच्या समालोचनाला तो विलक्षण मानवतो. स्वयंपाक करताना, भांडी घासताना किंवा गाडी चालवताना कानावर पडत राहिलेला सामना नकळत शब्दसंग्रह घडवतो आणि दोन-तीन आठवड्यांत नुसत्या आवाजाच्या चढ-उतारावरून चेंडू कुठे गेला असेल ते समजू लागते. जो कॅस्टिलिओने यांनी १९८३ ते २०२४ असा प्रदीर्घ काळ रेड सॉक्सचे समालोचन केले. त्यांच्या आवाजावर इथल्या दोन पिढ्या वाढल्या, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

महाराष्ट्रातून सामने पाहणाऱ्यांनी घड्याळाचे गणित एकदा करून ठेवावे. बोस्टनमध्ये संध्याकाळी ७ वाजून १० मिनिटांनी सुरू होणारा सामना भारतात दुसऱ्या दिवशी पहाटे ४ वाजून ४० मिनिटांनी सुरू होतो. पहाटे उठणाऱ्यांना हे सोयीचेच आहे.

५. तिकीट काढताना

रेड सॉक्स ज्या फेनवे पार्कमध्ये खेळतात ते २० एप्रिल १९१२ रोजी सुरू झाले आणि मेजर लीगमधले ते सर्वांत जुने मैदान आहे. त्याच्या जुनेपणाचे कौतुक करण्याआधी तिकिटाच्या दृष्टीने त्याचे तोटे समजून घ्यावेत. ग्रँडस्टँडच्या छताला लोखंडी खांबांचा आधार आहे आणि काही आसनांवरून पाहताना हे खांब नेमके पिचर किंवा बॅटरच्या आड येतात. अशा तिकिटांवर ‘दृश्यास अडथळा’ अशी सूचना असते. स्वस्त तिकीट दिसले की ती सूचना आधी शोधावी. शिवाय तिथल्या जुन्या लाकडी खुर्च्या अरुंद आहेत आणि उंच माणसाचे गुडघे पुढच्या खुर्चीला टेकतात. पहिल्या भेटीसाठी ब्लीचर्स, म्हणजे आउटफिल्डमागील उघडी आसने, मला अधिक पसंत आहेत. तिथे छप्पर नसल्याने ऊन लागते, पण खांबही नसतात आणि गप्पा मारणारे शेजारी मिळतात.

तिकिटाचा दर प्रतिस्पर्धी आणि वारावर ठरतो. यांकीजविरुद्धचा शनिवार टाळून एप्रिल किंवा मे महिन्यातला मंगळवार-बुधवार निवडला तर त्याच आसनाचा दर बराच उतरतो. विद्यार्थ्यांसाठी क्लबने अनेक वर्षे सवलतीच्या तिकिटांची योजना चालवली आहे, तिची नोंदणी विद्यापीठाच्या ई-मेलने करून ठेवावी. मैदानाबाहेर उभे राहून तिकिटे विकणाऱ्यांकडून काहीही घेऊ नये, कारण आता तिकिटे मोबाइलच्या अॅपमध्ये असतात आणि कागदाचा किंवा फोटोचा उपयोग होत नाही.

पावसाचाही विचार करावा. पाच डाव पूर्ण झाले, किंवा यजमान संघ पुढे असताना साडेचार डाव झाले, की सामना अधिकृत ठरू शकतो आणि पुढे पावसाने थांबवला तर पैसे परत मिळत नाहीत. सामना सुरूच झाला नाही तर तेच तिकीट सहसा नव्या तारखेला चालते, म्हणून ते अॅपमधून काढून टाकू नये.

६. सोबत काय न्यावे

– तिकिटाचे अॅप आणि पूर्ण चार्ज केलेला फोन. प्रवेशद्वाराशी इंटरनेट मंदावते, म्हणून तिकीट आधीच उघडून ठेवावे.
– बँकेचे कार्ड. मैदानात रोख रक्कम चालत नाही.
– पासपोर्ट किंवा राज्याचे ओळखपत्र, बिअर घ्यायची असल्यास. वयाची अट २१ वर्षांची आहे आणि भारतीय वाहन परवाना दाखवून भागत नाही.
– जाकीट. एप्रिलमध्ये सूर्य मावळल्यावर फेनवेत कडाक्याची थंडी असते.
– पेन्सिल, खोडरबर आणि स्कोअर लिहिण्याची वही.
– शक्य तितकी लहान पिशवी. पाठीवरची मोठी सॅक आत नेऊ देत नाहीत. नेमके माप क्लबच्या संकेतस्थळावर निघण्यापूर्वी पाहावे.

खाण्याविषयी शाकाहारी वाचकांसाठी एक इशारा: तिथल्या प्रसिद्ध ‘फेनवे फ्रँक’ या हॉट डॉगमध्ये मांस असते. शेंगा, पॉपकॉर्न आणि मीठ लावलेला प्रेट्झेल हे निर्धोक पर्याय आहेत.

७. मैदानापर्यंत आणि मैदानात

मेट्रोच्या ग्रीन लाइनच्या बी, सी किंवा डी गाडीने केनमोर स्थानकावर उतरावे. ई गाडी कॉप्लीनंतर वेगळ्या दिशेला वळते आणि केनमोरला जात नाही. दुसरा फसवा प्रकार असा की ‘फेनवे’ नावाचे स्थानक डी मार्गावर आहे खरे, पण मैदानाला त्याहून जवळचे स्थानक केनमोर हेच आहे. सामना संपल्यावर केनमोरला एवढी गर्दी होते की हाइन्स स्थानकापर्यंत सावकाश चालत गेलेले बरे. स्वतःची गाडी न्यायचा विचार करू नये, कारण पार्किंगचा दर कधीकधी तिकिटापेक्षा जास्त असतो.

सामन्याच्या तासभर आधी आत जाऊन मैदानाला एक फेरी मारावी. डावीकडची ३७ फूट २ इंच उंचीची हिरवी भिंत ‘ग्रीन मॉन्स्टर’ नावाने ओळखली जाते. डावीकडची फाऊलरेषा होम प्लेटपासून, म्हणजे बॅटरच्या जागेपासून, अवघ्या ३१० फुटांवर या भिंतीला भिडते. त्यामुळे एरवी सहज झेलबाद होणारा चेंडू इथे भिंतीला आपटून दोन बेसचा फटका होतो, तर सपाट आणि वेगवान चेंडू, जो इतरत्र होम रन झाला असता, तो भिंतीवर अडून परत येतो. भिंतीच्या तळाशी असलेला धावफलक आजही आत बसलेली माणसे हाताने पाट्या बदलून चालवतात. उजव्या बाजूच्या ब्लीचर्समध्ये हिरव्या आसनांच्या रांगांत एकच लाल आसन दिसेल. ९ जून १९४६ रोजी टेड विल्यम्सने मारलेला ५०२ फुटांचा होम रन तिथे पडला होता आणि तिथल्या प्रेक्षकाच्या डोक्यावरच्या गवती टोपीला भोक पाडून गेला होता. त्या आसनापर्यंत चढून जाऊन होम प्लेटकडे पाहावे. खाली बसून ५०२ फूट म्हणजे किती याचा अंदाज येत नाही.

वागण्याचे काही अलिखित नियम आहेत. पिचर चेंडू टाकण्याच्या बेतात असताना रांगेतून उठू नये आणि जिन्यावरून आपल्या जागी जाऊ नये, बॅटरची पाळी संपेपर्यंत थांबावे. फाऊल होऊन प्रेक्षकांत आलेला चेंडू ज्याच्या हाती लागेल त्याचा होतो, परत द्यावा लागत नाही. शेजारी लहान मूल असेल तर तो त्याला देण्याची पद्धत आहे. जाळी नसलेल्या भागात बसला असाल तर फोनमध्ये डोके घालून बसणे धोक्याचे आहे. सातव्या डावाच्या मध्ये सगळे उभे राहून एक जुने गाणे म्हणतात आणि फेनवेत आठव्या डावाच्या मध्येही असेच एक गाणे होते. शब्द येत नसले तरी उभे राहावे. एखाद्या पिचरने सहा-सात डावांत प्रतिस्पर्ध्यांना एकही फटका मारू दिला नसेल तर त्याचा उल्लेख तोंडातून काढू नये, नजर लागते अशी इथल्या शिकलेल्या माणसांचीही पक्की श्रद्धा आहे. आणि १५ एप्रिलला गेलात तर सर्व खेळाडूंच्या पाठीवर ४२ हाच क्रमांक पाहून गोंधळू नये. १९४७ मध्ये त्या दिवशी कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन ४२ क्रमांक घालून ब्रुकलिन डॉजर्सकडून पहिला सामना खेळला आणि आधुनिक मेजर लीगमधली वर्णभेदाची भिंत पडली. त्याच्या सन्मानार्थ ही प्रथा आहे.

८. स्कोअर हाताने लिहायला शिका

बाकीच्या पायऱ्या थोड्या मागेपुढे झाल्या तरी चालतील, ही मात्र वगळू नये. धावफलकावर सगळे दिसत असताना वहीत कशाला लिहायचे, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की लिहिणाऱ्याला प्रत्येक चेंडूकडे लक्ष द्यावेच लागते आणि कंटाळवाणा वाटणारा मधला वेळ भरून निघतो. सामन्याचा तपशील एका तक्त्यात मांडण्याची पद्धत रूढ करणारा हेन्री चॅडविक हा जन्माने इंग्रज पत्रकार मुळात क्रिकेटचा वार्ताहर होता. क्रिकेटची धावपुस्तिका पाहिलेल्या माणसाला म्हणूनच ही वही फारशी परकी वाटत नाही.

पद्धत अशी. प्रत्येक क्षेत्ररक्षकाच्या जागेला ठरावीक क्रमांक आहे: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा बेस ४, तिसरा बेस ५, शॉर्टस्टॉप ६, डावे आउटफिल्ड ७, मधले ८ आणि उजवे ९. हे क्रमांक जर्सीवरच्या क्रमांकांहून वेगळे असतात. शॉर्टस्टॉप दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभा असूनही त्याचा क्रमांक ६ आहे, ५ नव्हे, आणि नवखे इथेच चुकतात. बॅटर ओळीने डावीकडे लिहायचे आणि प्रत्येक डावासाठी एक चौकोन ठेवायचा. चेंडू शॉर्टस्टॉपकडे जमिनीवरून गेला आणि त्याने पहिल्या बेसकडे फेकून बॅटरला बाद केले तर ‘६-३’ लिहावे. शॉर्टस्टॉपने दुसऱ्या बेसकडे आणि तिथून पहिल्या बेसकडे फेकून एकाच चेंडूवर दोघे बाद झाले तर ‘६-४-३’. मधल्या आउटफिल्डरने झेल घेतला तर ‘एफ ८’. तीन स्ट्राइकवर बाद झाल्यास इंग्रजी ‘के’ लिहितात आणि बॅट न फिरवता नुसता उभा राहून बाद झाला असेल तर तेच अक्षर उलटे काढतात. चार बॉलवर बेस मिळाल्यास ‘बीबी’, क्षेत्ररक्षकाची चूक झाल्यास ‘ई’ आणि त्याचा क्रमांक. बॅटर जसजसा पुढच्या बेसवर सरकेल तसतशा चौकोनातल्या हिऱ्याच्या (चार बेसच्या आकृतीच्या) बाजू गडद करायच्या, आणि धाव पूर्ण झाली की तो आतून भरून टाकायचा.

२०२३ पासून पिचरला वेळेचे बंधन आहे. बेस रिकामे असताना त्याला १५ सेकंदांत चेंडू टाकावा लागतो, त्यामुळे सामने बरेच आटोपशीर झाले असले तरी लिहिणाऱ्याची धावपळ वाढली आहे. सुरुवातीला घरी दूरचित्रवाणीवर दोन-तीन डाव लिहून हात बसवावा. एखादी नोंद सुटली तर तिथे फुली मारून पुढे जावे आणि डाव संपल्यावर शेजाऱ्याला विचारावे. ब्लीचर्समध्ये हातात वही दिसली की आजोबांच्या वयाचे कोणीतरी आपण होऊन चौकशी करते आणि पुढचे तीन डाव बोलण्यात जातात, असा माझा तरी अनुभव आहे.

९. लहान मैदाने

दर आठवड्याला फेनवे परवडत नाही. वुस्टर शहरात २०२१ मध्ये सुरू झालेल्या पोलर पार्कवर रेड सॉक्सचा मेजर लीगच्या लगेच खालचा संघ खेळतो. उद्या फेनवेत दिसणारा खेळाडू तिथे कमी पैशांत जवळून पाहता येतो. उन्हाळ्यात केप कॉडला जाणार असाल तर तिथली महाविद्यालयीन खेळाडूंची लीग आवर्जून पाहावी. तिला प्रवेशशुल्क नसते. घरून खुर्ची आणि डबा न्यावा.

१०. ऑक्टोबर आणि त्यानंतर

नियमित हंगामानंतर १२ संघ पुढे जातात आणि ऑक्टोबरमध्ये खेळाची चाल पार बदलते. सहा महिने ‘उद्या पुन्हा आहे’ म्हणणारी माणसे एकेका चेंडूवर नखे खातात. या सामन्यांची तिकिटे नवख्याच्या आवाक्याबाहेर असतात, ते सहकाऱ्यांबरोबर पाहणे उत्तम. रेड सॉक्स पोचले नाहीत तर त्या वर्षापुरता नॅशनल लीगमधला एखादा संघ धरायला हरकत नाही. यांकीज मात्र धरू नये, ओळखी तुटतील.

हिवाळ्यात खेळाडूंच्या अदलाबदलीच्या बातम्या वाचत राहाव्यात. फेब्रुवारीच्या सुरुवातीला संघाचे सामान भरलेला ट्रक फेनवेहून फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्स येथील सराव शिबिराकडे निघतो आणि त्याला निरोप द्यायला बर्फातही माणसे जमतात. तारीख क्लब आधी जाहीर करतो, प्रवेश विनामूल्य असतो, आणि हातमोजे लागतात.